निर्व्याज क्षणांची छायाचित्रे

चार्ल्स डार्विन यांना रडणाऱ्या बालकाचे छायाचित्र हवे होते. १८३९ च्या डिसेंबर महिन्यात त्यांचा पहिला मुलगा जन्मास आला, आणि तेव्हापासूनच त्यांनी त्या बालकाच्या चेहऱ्यावर उमटणाऱ्या भावांची टिपणे ठेवण्यास प्रारंभ केला होता. मूल पहिल्यांदा केव्हा हसले, केव्हा दचकले, रागाने लाल झाले तेव्हा त्याच्या भुवया कशा आक्रसल्या, हे सर्व त्यांनी एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या चिकाटीने लिहून ठेवले. माणूस आणि पशू यांच्या भावाविष्कारांवरील त्यांचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. किंचाळून रडताना डोळ्यांभोवतीचे स्नायू घट्ट आवळले जातात, हे त्या ग्रंथातील एक प्रमुख निरीक्षण होते. हे निरीक्षण शब्दांत सांगणे सोपे होते. वाचकाला ते डोळ्यांनी दाखविणे मात्र त्या काळी अतिशय कठीण होते.

ही अडचण समजण्यासाठी त्या वेळचे छायाचित्रण कसे चाले हे ध्यानी घेतले पाहिजे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली कलोडियनची आर्द्र पद्धती तेव्हा सर्वत्र रूढ होती. काचेवर कलोडियनचा पातळ थर द्यावयाचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावयाची आणि वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या खोलीत नेऊन तिच्यावरील प्रतिमा प्रकट करावयाची, असा हा सारा खटाटोप असे. काचेवर प्रकाश पडू द्यावयाचा तोही बहुधा काही सेकंदांपर्यंत. मोठी माणसे मानेमागे लोखंडी आधार लावून तेवढा वेळ निश्चल बसत. तान्ह्या मुलांकडून अशी अपेक्षा कोण करणार? यावर एक विलक्षण तोड निघाली. आईने अंगावर चादर किंवा पडदा ओढून खुर्चीसारखे बसावयाचे आणि मुलाला मांडीवर घट्ट धरून ठेवावयाचे. असे अनेक जुने फोटो आजही उपलब्ध आहेत. त्यांत मूल कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत असते आणि त्याच्या पाठीमागे एक मानवाकार गाठोडे दिसते. आईच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे केवळ कापडाखालून बाहेर आलेला हात.

डार्विन यांच्या मदतीस ऑस्कर रेयलांडर हे मूळचे स्वीडनचे, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले छायाचित्रकार आले. त्यांच्या एका चित्रातील आक्रंदणारे बालक फार लोकप्रिय झाले आणि डार्विन यांच्या ग्रंथाच्या पहिल्या चित्रपृष्ठावर विराजमान झाले. परंतु पुढील काळातील संशोधकांनी बारकाईने तपासणी केली, तेव्हा असे आढळले की ग्रंथात छापलेले ते चित्र म्हणजे मूळ छायाचित्र नव्हे. रेयलांडर यांनी मूळ छायाचित्रावरून एक रेखाचित्र काढले आणि त्या रेखाचित्राचा पुन्हा फोटो घेतला! बालपणाचा एक अकृत्रिम क्षण शास्त्रीय पुरावा म्हणून जगापुढे मांडण्याच्या या आरंभीच्या प्रयत्नात असा हाताचा स्पर्श मिसळलेला होता. त्यामुळे डार्विन यांचे निरीक्षण खोटे ठरत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढील तीस-चाळीस वर्षांत परिस्थिती पार पालटली. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने १८७१ मध्ये जिलेटिनचा थर दिलेल्या शुष्क काचपट्टीची कल्पना मांडली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी असे दाखवून दिले की, ते जिलेटिनचे मिश्रण काही दिवस उबदार ठेवल्यास त्याची प्रकाशसंवेदना कितीतरी पटींनी वाढते. सेकंदांचे काम आता सेकंदाच्या अंशावर आले, आणि भिंगाचे झाकण हाताने काढण्या-घालण्याची रीत निरुपयोगी ठरून यांत्रिक झडपेची गरज उत्पन्न झाली. फेब्रुवारी १९०० मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीने एका डॉलरला ब्राउनी नावाचा खोक्यासारखा कॅमेरा विक्रीस काढला. त्याची जाहिरात मुख्यतः मुलांना उद्देशून केली जात असे.

मुलांच्या हाती कॅमेरा गेल्यावर काय घडते याचे सर्वांत मनोवेधक उदाहरण फ्रान्समधील आहे. जाक आंरी लार्तीग या १८९४ साली जन्मलेल्या मुलाला सात-आठ वर्षांच्या वयात वडिलांनी कॅमेरा दिला. १९०५ मध्ये त्याने आपल्या नात्यातील एका मुलीचे छायाचित्र घेतले. ती पॅरिसमधील घराच्या पायऱ्यांवरून उडी मारीत आहे. तिचे दोन्ही पाय अधांतरी आहेत, आणि चेहऱ्यावर मात्र असा आनंद आहे की जणू खाली जमीन नाहीच. मोठ्या माणसाने कॅमेरा रोखला असता तर ती मुलगी बहुधा पदर सावरल्यासारखी सावरून उभी राहिली असती. ही चित्रे कित्येक दशके घरच्या संग्रहातच पडून होती. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती मांडली गेली, तेव्हा लार्तीग सत्तरीला टेकले होते.

यानंतर लहान कॅमेऱ्यांचे युग आले. जर्मनीतील वेट्झलार येथील ऑस्कर बार्नाक यांनी चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून तयार केलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. त्याच्या झडपेचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत जात असे. त्याच सुमारास मोठ्या भिंगाचा एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन एरिख सालोमन हे मुत्सद्द्यांच्या बैठकांत हिंडत आणि प्रकाशझोत न वापरता त्यांची छायाचित्रे घेत. इंग्रजीतील ‘कँडिड’ छायाचित्र हा प्रयोग या सुमारास रूढ झाला. या शब्दाला मराठी पर्याय शोधताना थोडे थांबावे लागते. ‘बेसावध’ म्हटले तर त्यात सावजाचा वास येतो. ‘चोरून घेतलेले’ म्हटले तर तो आरोपच होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र असा आहे, आणि मराठीत लहान मुलाच्या हास्याला लावले जाणारे ‘निर्व्याज’ हे विशेषण त्याच्या बरेच जवळ जाते. अर्थात ते विशेषण मुलाला लागू पडते. छायाचित्रकाराला ते दर वेळी लागू पडेलच असे नाही.

आता या कामातील पदार्थविज्ञानाकडे वळू. धावणाऱ्या मुलाचा वेग सेकंदाला तीन मीटर धरला आणि ते कॅमेऱ्यापासून तीन मीटर अंतरावर आडवे पळत असले, तर सेकंदाच्या १/१२५ भागात ते २४ मिलिमीटर पुढे सरकते. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाने फिल्मवर पडणारी प्रतिमा मुलाच्या सुमारे साठाव्या हिश्शाइतकी असते. म्हणजे तेवढ्या वेळात प्रतिमा ०.४ मिलिमीटर सरकते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु नेहमीच्या आकाराचा फोटो छापताना चित्र पाचपट मोठे केले, की तेच सरकणे २ मिलिमीटर होते आणि मुलाचा चेहरा पुसट होतो. झडपेचा वेग १/५०० केला तर हा दोष चौथ्या हिश्शावर येतो. मूल आडवे न पळता कॅमेऱ्याच्या दिशेने धावत असेल, तर प्रतिमेचे सरकणे याहून पुष्कळच कमी असते. म्हणून अनुभवी छायाचित्रकार मुलाच्या वाटेच्या बाजूला उभा न राहता वाटेच्या टोकाशी जाऊन बसतो.

याहूनही सुंदर युक्ती निसर्गानेच करून ठेवली आहे. झोपाळा एका टोकाला पोचतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य होतो. उडी मारलेले मूलही सर्वोच्च बिंदूला निमिषमात्र स्थिर असते. वीस सेंटीमीटर उंच उडीत वर जाण्यास ०.२ सेकंद लागतात. माणसाने काही पाहावे आणि त्यावरून बोट दाबावे यालाही जवळजवळ तितकाच काळ लागतो. तेव्हा मूल शिखरावर आलेले पाहून कळ दाबणाऱ्याच्या हाती खाली उतरणारे मूल येते. पाय जमिनीवरून सुटताच कळ दाबणाऱ्याला मात्र अधांतरी मूल सापडते. त्या शिखरक्षणी सेकंदाचा साठावा भागसुद्धा पुरेसा होतो, कारण तेवढ्या अवधीत शरीर अर्धा मिलिमीटरही खाली येत नाही. लार्तीग हा मुलगा हे गणित शिकला नव्हता, पण उड्या मात्र त्याने भरपूर मारल्या असाव्यात.

केंद्रीकरणाचा प्रश्न असाच सोडविता येतो. ३५ मिलिमीटरचे भिंग तीन मीटरवर लावून छिद्रांक ८ ठेवला, म्हणजे सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट उमटते. मग मूल पुढे आले काय किंवा मागे गेले काय, भिंगाला हात लावावा लागत नाही. आजच्या अंकीय कॅमेऱ्यांत आणि मोबाइल फोनमध्ये ही कामे यंत्रच करते. तरी घरातील खिडकीजवळचा प्रकाश अंगणातील उन्हाच्या मानाने फारच तोकडा असतो हे सत्य यंत्रालाही बदलता आलेले नाही. म्हणूनच संध्याकाळी घरात घेतलेल्या फोटोत मुलांचे हात धुरकट दिसतात. राहिली एक गोष्ट, जिला काहीच खर्च पडत नाही: गुडघे टेकून बसणे. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून मूल म्हणजे एक मोठे डोके आणि दोन आखूड पाय असे दिसते. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्यावर त्याचे जग दिसू लागते.

हे साधन हाती येताच बालकांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांनी ते उचलले. अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी एक घुमट बांधविला. घुमटाच्या आत मूल खेळे आणि त्याच्या भोवतीच्या चौकटीवरून कॅमेरे सरकत. घुमटाची जाळी अशी रंगविलेली असे की, बाहेरच्यांना आतील दिसावे, पण आतील मुलाला बाहेरचे दिसू नये. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात बालकांच्या हालचालींची ३२०० छायाचित्रे आहेत. मूल केव्हा मान धरते, केव्हा बसते, केव्हा रांगते, चिमटीत केव्हा धरते याचे वेळापत्रक त्यांनी बसविले, आणि जगभरच्या आयांना ते पुढे ऐकावे लागले. पण घुमट हा अखेर घुमटच. तेथे शेजारीण नव्हती, कोंबडी नव्हती, पाठची बहीण नव्हती, आणि आलेली बहुतेक मुले एकाच शहरातील, एकाच प्रकारच्या घरांतील होती. सर्व मुले याच क्रमाने वाढतात काय, हा प्रश्न घुमटात बसून सुटणारा नव्हता.

त्याचे उत्तर बाली बेटाच्या डोंगराळ भागातील बायुंग गेडे या खेड्यातून आले. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन हे मानवशास्त्रज्ञ दांपत्य १९३६ च्या मार्चमध्ये तेथे जाण्यास निघाले, तेव्हा सुमारे २००० छायाचित्रे घ्यावीत असा त्यांचा अंदाज होता. मीड टिपणे लिहीत, बेटसन छायाचित्रे घेत, आणि त्यांचे बाली सहायक इ मादे कालेर हे बाली भाषेतील संभाषण नोंदवीत. टिपणांवर वेळ लिहिलेली असे, त्यामुळे कोणते शब्द कोणत्या चित्राच्या वेळचे हे पुढे जुळविता येई. एके दिवशी दुपारी आईबाप आणि मुले यांचे नेहमीसारखे पाऊण तास निरीक्षण झाल्यावर बेटसन यांच्या ध्यानात आले की, तेवढ्यात आपण पूर्ण तीन फिल्मी संपविल्या आहेत. उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. या गतीने गेले तर सर्व अंदाज कोसळणार होते. पण चित्रांतून जे दिसत होते ते सोडून देणेही शक्य नव्हते. बेटसन यांनी फिल्म भराभर पुढे सरकविणारे नवे उपकरण मागविले, फिल्मही घाऊक आणून स्वतः कापून भरण्यास आरंभ केला. दोन हजारांच्या ठिकाणी पंचवीस हजार छायाचित्रे जमली, शिवाय बावीस हजार फूट चलच्चित्र. त्यांतून निवडलेली ७५९ छायाचित्रे १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

कॅमेरा समोर असताना गावकरी सहज कसे वागत, याचा खुलासा बेटसन यांनी त्या ग्रंथात स्वच्छ शब्दांत केला आहे. गळ्यात दोन कॅमेरे अडकवून ते रोज हिंडत; फोटोसाठी परवानगी मागत नसत; आणि इतके फोटो घेत की, कोणालाही तितका वेळ सावध राहणे अशक्य होई. त्यांचा रोख तान्ह्या मुलांवर असल्यामुळे आईबापांची समजूत अशी होई की फोटो केवळ मुलाचा चालला आहे, आणि आपणही त्या चौकटीत आहोत याचा त्यांना विसर पडे. जेथे माणसाला फोटो आवडणार नाही असे वाटे, तेथे काटकोनात पाहणारा दृश्यदर्शक लावला जाई. म्हणजे कॅमेरा एकीकडे वळलेला भासे आणि टिपला जाई तो दुसरीकडचा देखावा.

या चित्रमालांतून निघालेले एक फळ विशेष लक्षणीय आहे. मीड आणि फ्रान्सिस मॅकग्रेगर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बेटसन यांची छायाचित्रे गेझेल यांच्या कोष्टकाशी ताडून पाहिली. अमेरिकन मूल रांगते, मग उभे राहते, आणि उकिडवे बसणे त्यानंतर येते. बाली मूल रांगते फार थोडे; ते बसण्यावरून उकिडव्या स्थितीत येते आणि तेथून उभे राहते. कारण उघड होते. मुलाला पहिले काही महिने जमिनीवर टेकू न देण्याचा तेथे प्रघात आहे. ते सदैव आईच्या किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर झोळीत असते, आणि चार पायांवर चालणे हे पशूचे लक्षण मानले जाते. भारतीय वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. मूल कडेवर घेऊनच सारी कामे उरकणाऱ्या बायका आणि चुलीपुढे उकिडवी बसणारी माणसे त्याने पाहिलेली असतात. वाढीचे जे वेळापत्रक विश्वाचे म्हणून मांडले गेले होते, ते एका विशिष्ट घरातील जमिनीचे आणि पाळण्याचेही होते, हे त्या हजारो क्षणचित्रांनी दाखवून दिले.

तथापि प्रत्येक निष्कर्ष इतका पक्का राहिला नाही. काही चित्रमालांत आई मुलाला खेळविते, चिडविते, शेजारणीचे मूल मांडीवर घेऊन त्याचा मत्सर जागृत करते, आणि मूल रडकुंडीला येताच दुसरीकडे पाहू लागते. यावरून मीड आणि बेटसन यांनी असे अनुमान काढले की, बाली माणसाच्या अलिप्त स्वभावाचे मूळ या अपुऱ्या राहिलेल्या भावनेत आहे. १९९२ मध्ये गॉर्डन जेन्सन आणि लुह केतुत सूर्याणी यांनी या मीमांसेची पुन्हा तपासणी करून तिच्यावर कडक आक्षेप घेतले. सूर्याणी या स्वतः बाली मानसोपचारतज्ज्ञ आहेत, म्हणजे ज्या समाजाची चित्रे घेतली गेली त्याच समाजातील. चित्रात आईने मान वळविलेली दिसते, हे निर्विवाद आहे. ती का वळविली, हे चित्र सांगत नाही. चित्र घेणाऱ्याने कळ केव्हा दाबली आणि पंचवीस हजारांतून ७५९ कोणती निवडली, यातही त्याचे मत शिरलेले असतेच. डार्विन यांच्या ग्रंथातील चित्रावर पेन्सिल फिरली होती. येथे निवडीने तेच काम काही अंशी केले.

परवानगी न मागण्याची ती रीत आज कोणत्याही विद्यापीठात चालणार नाही. बालकाच्या खाजगी जीवनाला संरक्षण देणारे कलम १९८९ च्या बालहक्क संहितेत आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आपल्याकडील २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार गुन्ह्यात सापडलेल्या, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा निराधार अशा मुलांची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. घरच्या मुलांसाठी असा कायदा दारात उभा नसतो. तेथे आईबापांचे तारतम्यच चालते, आणि ते पूर्वीपेक्षा अधिक जपून वापरावे लागते. कारण पूर्वी फोटो पेटीतल्या आल्बममध्ये राही, आता तो क्षणार्धात अपरिचितांच्या हाती जातो. न्हाणीघरातील, रडतानाचा, शिक्षा भोगतानाचा फोटो मोठ्यांना गमतीचा वाटला तरी पंधरा वर्षांनी तो त्या मुलाला तसा वाटेलच असे नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला फोटो दाखवून ‘हा ठेवू का?’ असे विचारता येते, आणि पुष्कळ मुले स्पष्ट ‘नको’ म्हणतात. आधी विचारले तर क्षण निसटतो हे खरे. परंतु नंतर विचारण्यास काहीच अडचण नसते.

मीड यांचे कागदपत्र आणि त्यांबरोबर बाली येथील छायाचित्रे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात सुरक्षित आहेत. १९९९ मध्ये जेरल्ड सलिव्हन यांनी त्यांतील बायुंग गेडेची निवडक चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. उरलेल्या हजारो चित्रांत मुले मातीत खेळत आहेत, धाकट्या भावंडाला झोळीत घेऊन उभी आहेत, कुत्र्याच्या पिल्लाला आंघोळ घालीत आहेत किंवा नुसती बसून आहेत, अशी कल्पना सहज करता येईल. १९३६ साली झोळीत असलेले एखादे मूल आज हयात असेल, तर ते नव्वदीच्या घरात असेल.